विरलेले, उसवलेले, फाटलेले : घरच्या कपड्यांची दुरुस्ती

खिळ्याला किंवा बाभळीच्या काट्याला अडकून फाटलेले कापड सोडले, तर बाकीचे कापड एकाएकी फाटत नसते. ते आधी कित्येक महिने विरत असते, आणि दुरुस्तीचे खरे काम त्या विरण्याच्या काळातच करायचे असते. चादर उजेडासमोर धरली की मधल्या भागातून जास्त उजेड येताना दिसतो. पायजम्याची बैठक, सदऱ्याची कॉलर दुमडते ती रेघ, कोपराजवळची बाही, दप्तराचा पट्टा घासतो तो खांदा आणि लुगड्याचा बसताना ताण येणारा मागचा भाग, या जागा बोटांच्या चिमटीत धरून पाहिल्या की कापड मऊ आणि पातळ झाल्याचे हाताला कळते. धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना एवढी पाहणी नेमाने होते, त्या घरात भोकाला ठिगळ लावण्याची वेळ फार कमी वेळा येते, असे माझे ठाम मत आहे.

पुढे सांगितलेल्या सगळ्या रीतींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. केलेली दुरुस्ती भोवतालच्या जुन्या कापडाइतकीच बळकट असावी, त्याहून बळकट नसावी. कोऱ्या जाड मांजरपाटाचे ठिगळ जुन्या मऊ धोतराला लावले, तर ठिगळ जसेच्या तसे राहते आणि त्याच्या चारी कडांना धोतर नव्याने फाटते. पॉलिएस्टरचा दोरा विरलेल्या सुती कापडात घट्ट ओढून भरला, तर तो स्वतः तुटत नाही, कापडालाच कापत जातो. अशा वेळी शिवणाऱ्याच्या हाताला दोष देण्यात अर्थ नसतो. दोऱ्याची आणि कापडाची निवडच चुकलेली असते.

मराठवाड्यातले कापड आणि सुई

कापसाच्या या मुलखात कापड विणण्याची आणि विकण्याची परंपरा फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापाराच्या वर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले आजचे तेर, या दोन बाजारपेठांचा उल्लेख असून, तगराहून साधे कापड आणि मलमलीचे प्रकार गाड्यांवरून भडोच बंदराकडे जात असल्याचे त्यात नोंदवले आहे. त्याच काळाच्या आगेमागे अजिंठा आणि पितळखोरा येथील लेण्यांत राहणाऱ्या बौद्ध भिक्षूंना ज्या आठ वस्तू जवळ बाळगण्याची मुभा होती, त्यांत तीन चीवरे म्हणजे भिक्षूंची वस्त्रे, भिक्षापात्र, कमरबंद, वस्तरा आणि पाणी गाळण्याचे साधन यांच्याबरोबर सुईही होती. चीवर मुळातच तुकडे जोडून शिवलेले असे, आणि ते फाटल्यास त्याला ठिगळ लावण्याची व ते सांधण्याची परवानगी विनयाच्या, म्हणजे भिक्षूंच्या आचाराच्या, नियमांत स्पष्टपणे दिलेली आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतली तलम आणि पट्ट्यापट्ट्यांची वस्त्रे पाहायला लोक लांबून येतात. ती चित्रे ज्यांच्या निवासात काढली गेली, त्यांच्या अंगावर तुकड्यांचे वस्त्र होते आणि जवळ सुई होती, ही गोष्टही कापडाच्या इतिहासात तितकीच मोलाची आहे.

कापड दुर्मीळ किंवा महाग असेल तिथे दुरुस्तीची कला वाढते, असा अनुभव जगभर आहे. जपानच्या उत्तर भागात थंडीमुळे कापूस पिकत नसे, म्हणून तिथली शेतकरी कुटुंबे सुती चिंध्यांचे थर धावदोऱ्याने एकमेकांवर जोडून तेच वस्त्र पुढच्या पिढीला देत. हॉलंड आणि जर्मनीत १८व्या आणि १९व्या शतकांत शाळकरी मुलींना रफूचे निरनिराळे प्रकार एका फडक्यावर भरून दाखवावे लागत. ब्रिटनमध्ये १९४१ साली कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले आणि १९४३ साली सरकारनेच घरोघरी कपडे दुरुस्त करण्याची मोहीम चालवली. आपल्या देशात उत्तर प्रदेशातल्या नजीबाबादचे रफूगर काश्मिरी शालींच्या रफूसाठी ओळखले जातात, तर बंगालची कांथा, बिहारची सुजनी आणि आपली गोधडी या तिन्ही एकाच साध्या धावदोऱ्यावर उभ्या आहेत. मराठवाड्यातल्या बायकांनी या कामाला वेगळे नाव किंवा मान मागितला नाही, पण नऊवारी लुगड्याला दंड घालणे, म्हणजे विरलेला भाग काढून जोड घालणे, आणि वाकळ, म्हणजे गोधडी, शिवणे यांत जेवढे कापडाचे ज्ञान आहे, तेवढे शिवणकामाच्या वर्गात सहसा शिकवले जात नाही.

आधी कापड ओळखावे

दुरुस्तीला बसण्यापूर्वी कपडा धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावा. मळलेल्या कापडाचे धागे एकमेकांना चिकटलेले असतात आणि फाटलेला भाग खरा किती आहे हे कळत नाही. शिवाय आधीच विरलेला धागा धुताना तुटायचा असेल, तर तो टाका घालण्यापूर्वी तुटलेला बरा. मात्र फाट मोठी असेल तर धुण्याआधी ती कच्च्या टाक्यांनी बांधून घ्यावी, नाहीतर पिळताना ती दुप्पट होते. धुण्याविषयी एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. आपल्याकडे बोअरच्या जड पाण्याला साबणाचा फेस येत नाही म्हणून कपडा दगडावर जास्त आपटला जातो, आणि उन्हाळ्याच्या कडक उन्हात तो दिवसभर दोरीवर राहतो. या दोन कारणांनी सुती कापड वापरापेक्षाही लवकर जीर्ण होते. कपडा उलटा करून वाळत घालावा, वाळताच काढावा, आणि आपटण्याऐवजी साबणाच्या पाण्यात भिजत ठेवण्याचा वेळ वाढवावा.

कापड कशाचे आहे हे कळले नाही, तर शिवणीच्या आतल्या बाजूने एक धागा काढून चिमट्यात धरून जाळून पाहावा. सुती धागा कागदासारख्या वासाने जळतो आणि मऊ राख उरते. रेशीम आणि लोकर यांना केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. ज्या जातीचे कापड, त्या जातीचा दोरा, हा नियम पाळावा. सुती आणि पॉलिएस्टर एकत्र विणलेल्या कापडाला बारीक सुती दोरा चालतो.

त्यानंतर उभा धागा आणि आडवा धागा, म्हणजे ताणा आणि बाणा, कोणत्या दिशेने आहेत ते पाहावे. कापड दोन्ही हातांनी हलके ताणले की ताण्याच्या दिशेला ते कमी सुटते, बाण्याच्या दिशेला थोडे जास्त सुटते, आणि तिरपे ओढल्यास बरेच लांबते. या तिरप्या दिशेला शिंपी उरेब म्हणतात. उरेब भागावर फाट गेली असेल, तर तिला मागून आधार दिल्याशिवाय टाका घालू नये, कारण प्रत्येक टाक्याबरोबर कड लांबत जाते आणि शेवटी तिथे झोल येतो.

साहित्य थोडेच लागते, पण ते नीट असावे. हाताने शिवायच्या सुईचा क्रमांक जितका मोठा तितकी सुई बारीक असते. मशीनच्या सुयांचे याच्या उलट आहे. रोजच्या सुती कपड्यांना ७ ते ९ क्रमांकाची सुई पुरते, रेशमाला १० क्रमांकाची लागते. दोरा कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर घ्यावा. त्याहून लांब दोरा कापडातून पुन्हा पुन्हा ओढला जाऊन झिजतो आणि त्याला पीळ बसतो. अंगुस्तान, धारदार लहान कात्री, खडू, काही टाचण्या आणि मेणाचा तुकडा एवढे जवळ असावे. मेणावरून ओढलेला दोरा गुंतत नाही. जुन्या मऊ कापडाचे धुतलेले तुकडे एका पिशवीत रंगांप्रमाणे वेगळे करून ठेवावेत. दुरुस्तीच्या कामात नव्या कापडापेक्षा ही पिशवी जास्त उपयोगी पडते.

उसवलेली शिवण

हे सर्वांत सोपे काम आहे, कारण इथे कापड शाबूत असते आणि केवळ दोरा गेलेला असतो. लोंबणारे दोरे कापून टाकावेत, शिवण मूळ घडीवर बसवून इस्त्री फिरवावी, आणि उसवलेल्या भागाच्या अलीकडे दोन सेंटिमीटरपासून पलीकडे दोन सेंटिमीटरपर्यंत हाताने उलटी टीप घालावी. उलट्या टीपेत सुई एक टाका मागे जाऊन दोन टाके पुढे निघते, त्यामुळे दोऱ्यावरचा ताण प्रत्येक टाक्यावर विभागला जातो. काखेत आणि बैठकीला शिवण पुन्हा पुन्हा उसवत असेल, तर दोष दोऱ्याचा नसून कपडा अंगाला आवळतो आहे. आत माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेले जादा कापड, सोडलेली असेल तर ती उकलून कपडा अर्धा इंच सैल करावा. पूर्वीचे शिंपी वाढत्या मुलांच्या कपड्यांत भरपूर माया सोडत. आज विकत घेतलेल्या कपड्यांत ती जेमतेम असते, म्हणून कपडा घेतानाच उलटा करून माया किती आहे ते पाहावे.

कोनात फाटलेले कापड

काट्याला किंवा तारेला अडकले की कापड बहुधा काटकोनात फाटते, कारण ताणा आणि बाणा दोन्ही तुटतात. अशा फाटीत कापड हरवलेले नसते, त्यामुळे ते परत जुळवता येते. कपडा उलटा करून फाटलेले तोंड जिथल्या तिथे बसवावे, त्याखाली त्याच रंगाच्या जुन्या पातळ कापडाचा तुकडा ठेवावा आणि तो कडेने कच्च्या टाक्यांनी धरावा. मग सुलट बाजूने, कोपऱ्यापासून सुरुवात करून, फाटीला आडवे असे बारीक धावदोऱ्याचे टाके घालावेत. टाक्यांची ओळ फाटीच्या दोन्ही बाजूंना अर्धा सेंटिमीटर जावी, पण सगळ्या ओळी एकाच रेघेत संपू देऊ नयेत. एक आखूड, एक लांब अशा ठेवाव्यात. एकाच रेघेत संपलेल्या टाक्यांमुळे त्या रेघेवर कापडाला नवी भोके पडतात आणि पुढची फाट तिथूनच सुरू होते. कोपऱ्यात दोन्ही दिशांचे टाके एकमेकांवरून जातात, म्हणून तो भाग आपोआप दाट होतो आणि तसाच असावा.

भोकाला रफू

रफू म्हणजे गेलेले कापड सुईने पुन्हा विणणे. त्यासाठी घाई करून चालत नाही, आणि दिवसाचा उजेड असेल तरच बसावे. भोकाखाली उलटी वाटी किंवा लहान गुळगुळीत लोटी धरावी, म्हणजे कापड ताठ न होता सपाट राहते. कडेचे धागे सरळ कापण्याचा मोह होतो, तो टाळावा. अजून जागेवर असलेला प्रत्येक धागा कामाचा असतो. केवळ पिंजून गेलेले केस कात्रीने काढावेत.

एकेरी दोऱ्याने, गाठ न मारता, भोकाच्या कडेपासून एक सेंटिमीटर बाहेर चांगल्या कापडात सुरुवात करावी. ताण्याच्या दिशेने बारीक धावदोरा घालत भोकापर्यंत यावे, भोकावरून दोरा न ओढता सरळ पलीकडे न्यावा, पलीकडच्या चांगल्या कापडात तेवढेच टाके घालावेत आणि वळावे. वळताना दोऱ्याचा अगदी लहान फासा मोकळा सोडावा. धुतल्यावर नवा दोरा आटतो तेव्हा हा फासा आत ओढला जातो आणि कापडाला चुण्या पडत नाहीत. दोन ओळींमध्ये एका दोऱ्याच्या जाडीएवढेच अंतर ठेवावे. भोक उभ्या दोऱ्यांनी पूर्ण झाकले गेले की कापड काटकोनात फिरवावे आणि आडव्या ओळी सुरू कराव्यात. इथे सुई एका दोऱ्यावरून, पुढच्याखालून अशी जाते आणि परतताना याच्या उलट. प्रत्येक ओळ सुईच्या टोकाने आधीच्या ओळीकडे सारून बसवावी. शेवटी ओलसर फडके ठेवून उलट्या बाजूने इस्त्री करावी.

दोरा कोणता, यावर या कामाचे निम्मे यश अवलंबून असते. सगळ्यांत चांगला दोरा त्याच कपड्याच्या आतल्या मायेतून उपसलेला असतो. त्याचा रंग तितकाच फिका झालेला असतो आणि ताकद तितकीच उरलेली असते. कोटाचे किंवा लोकरी शालीचे भोक या पद्धतीने मूळ विणीचा माग धरून भरले, तर ते बोटाला लागते पण डोळ्याला दिसत नाही. ते काम मात्र रफूगराच्या सरावलेल्या हाताचे आहे, आणि त्याला तास न् तास लागतात. त्याने सांगितलेल्या मजुरीवर घासाघीस करू नये, असे मला मनापासून वाटते.

ठिगळ

भोक रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठे झाले, किंवा भोवतालचे कापडही विरले असले, की रफूपेक्षा ठिगळ बरे. ठिगळाचे कापड रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून घ्यावे, कारण कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि भोवतालचे कापड आवळून धरते. आकार भोकाएवढा घ्यायचा नसून विरलेल्या संपूर्ण भागाएवढा घ्यायचा असतो, आणि वर चारी बाजूंना दुमडीसाठी एक सेंटिमीटर जास्त. ठिगळाचा ताणा कपड्याच्या ताण्याला समांतर यायलाच हवा. हे न पाहता लावलेले ठिगळ पहिल्या धुण्यानंतर तिरके ओढले जाते. कडा आत दुमडून, कोपरे किंचित गोल करून, ठिगळ उलट बाजूने टाचावे व बारीक हातशिलाईने पक्के करावे. मग कपडा सुलट करून भोकाच्या फाटक्या कडा चौकोनी कापाव्यात, कोपऱ्यांत अर्ध्या सेंटिमीटरची चीर द्यावी, कडा आत वळवाव्यात आणि ठिगळावर शिवून टाकाव्यात. अशा ठिगळाला दोन्ही बाजूंनी एकही सुटी कड राहत नाही. तांड्यांवरच्या बंजारा स्त्रियांच्या कामात रंगीत तुकडे, आरसे आणि कवड्या यांसह जोडावर मुद्दाम भरतकाम केलेले दिसते. जोड लपवण्याऐवजी त्यावर दाट टाके घातल्याने तो भाग पक्का होतो, आणि लहान मुलांच्या कपड्यांवर ही रीत फार शोभते.

शेतातल्या कामाच्या कपड्यांना ठिगळ फाटण्यापूर्वीच लावावे. कापूस वेचताना उकललेल्या बोंडाची टोकदार पाती पदराला आणि बाहीला सतत ओढत असतात. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका साडीवर पुरुषी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात तो उसाच्या पाचटाच्या धारदार कडांपासून हात वाचवण्यासाठी, आणि त्या शर्टाची बाही मनगटापासून कोपरापर्यंत व मोळी टेकते तिथला खांदा हे दोन भाग सर्वांत आधी जातात. दसरा-दिवाळीनंतर बीडकडून टोळ्या निघण्यापूर्वी या दोन जागांना आतून जुन्या सुती कापडाचा दुसरा थर लावून त्यावर बोटभर अंतराने धावदोरा घातला, तर शर्ट हंगामभर साथ देतो. बरोबर नेण्याच्या सामानात दोन सुया, पांढरा आणि काळा सुती दोरा, चार बटणे, एक ब्लेड आणि धुतलेल्या चिंध्यांची गुंडाळी हवीच, कारण पालावर शिंपी मिळत नाही.

लुगड्याला दंड, चादरीला उलटापालट

नऊवारी लुगडे साधारण आठ मीटर लांब असते आणि विरते ते बहुधा मधल्या एकाच भागात. तेवढा भाग काढून उरलेल्या दोन तुकड्यांचा जोड घालणे म्हणजे दंड घालणे. विरलेल्या भागाच्या दोन्ही टोकांना एकेक आडवा धागा उपसावा. तो निघून गेल्यावर कापडात सरळ रेघ दिसते आणि कात्री त्याच रेघेवरून चालवावी. जोडताना प्रथम दोन्ही काठ एकमेकांवर तंतोतंत जुळवून टाचावेत, कारण अंगावर नेसल्यावर नजर काठाकडे जाते. एका तुकड्याची कड अर्धा सेंटिमीटर आणि दुसऱ्याची दीड सेंटिमीटर ठेवून टीप घालावी, मग मोठी कड लहानीवर दुमडून पुन्हा शिवावे. अशा दुहेरी शिवणीत धागे बाहेर राहत नाहीत आणि ती अंगाला टोचत नाही. दंड कुठे येणार हे लुगडे नेसूनच ठरवावे. तो निऱ्यांत गेला तर कोणाला दिसतही नाही.

चादरीचे सूत्र वेगळे आहे. ती मधोमध विरते आणि कडेला नव्यासारखी राहते, म्हणून तिला लांबीत बरोबर मधून फाडावे, बाहेरच्या दोन्ही कोरा आतल्या बाजूला घेऊन एकमेकींना जोडाव्यात आणि विरलेल्या कडा बाहेर येतील त्या दुमडून शिवाव्यात. चादर थोडी अरुंद होते, पण अंगाचा भार आता ठणठणीत कापडावर येतो. हे काम चादरीला भोक पडण्यापूर्वी केले तरच उपयोग.

वाकळ

वाकळ किंवा गोधडी कधीच पूर्ण होत नाही. एकेका पिढीत तिच्यावर एकेक थर चढत जातो. वरचे कापड फाटले म्हणून ते उसवून काढू नये. जुन्या टाक्यांनी आतल्या चिंध्या धरून ठेवलेल्या असतात, आणि वरचा थर ओढला की आतला सगळा ऐवज गोळा होतो. फाटलेल्या जागी आत चिंधी सपाट बसवून तिथे ठिगळ टाचावे, आणि मग संपूर्ण वाकळीवर जुनी सुती साडी अंथरून ती मध्यापासून कडांकडे हाताने सारवल्यागत सपाट करावी. वीतभर अंतराने लांब कच्चे टाके घालून थर बांधून घ्यावेत. त्यानंतर कडेपासून सुरुवात करून चारी बाजूंनी आत आत येणारे चौकोन धावदोऱ्याने भरत जावे. दोघीजणी समोरासमोरच्या कोपऱ्यांपासून बसल्या तर काम लवकर होते आणि कापड एका बाजूला सरकत नाही.

दोरा जाड सुती आणि दुहेरी घ्यावा. दाभणाने मोठी भोके पडतात, ती पोत्यालाच ठीक. वाकळीला लांब मजबूत सुई घ्यावी आणि प्रत्येक टाका खालच्या थरातून निघतो आहे की नाही हे खाली धरलेल्या डाव्या हाताच्या बोटांनी पाहत राहावे. आता घरांत सुती साड्या कमी आणि नायलॉनच्या जास्त निघतात. नायलॉनची साडी वाकळीला लावू नये असे मी सांगेन, कारण ती आतल्या सुती थरांवरून घसरते, टाक्यांवर ताण आणते, आणि अंगाला ऊबही धरत नाही. घरात सुती साडी नसेल तर जुन्या चादरी किंवा धोतरे जोडून पांघरायची बाजू करावी.

घोंगडीला सुती दोरा लावू नये. लोकरीचाच धागा घ्यावा आणि मोठ्या सुईने रफूच्या रीतीने भरावे. गरम पाण्याने ती आटते, आणि धुतल्यावर पुन्हा ताठपणा हवा असेल तर चिंचोक्याची खळ द्यावी.

पैठणी, हिमरू आणि मशरू

घरातल्या या वस्त्रांना हात लावण्यापूर्वी त्यांची वीण समजून घेतली पाहिजे, कारण तिघांची दुरुस्ती तीन तऱ्हांची आहे. पैठणीच्या पदरावरची नक्षी विणतानाच घडते. प्रत्येक रंगाचा बाणा वेगळ्या छोट्या कांडीने फिरवून शेजारच्या रंगात अडकवलेला असतो, म्हणून पदर उलट आणि सुलट सारखाच दिसतो. याचा अर्थ असा, की दुरुस्ती लपवायला मागची बाजूच नसते. घरी करण्यासारखे काम आधार देण्याचे: विरलेल्या जागेखाली त्याच रंगाचे पातळ रेशमी कापड ठेवून, सुटलेल्या धाग्यांवर बारीक रेशमी दोऱ्याने आडवे सैल टाके घालावेत, म्हणजे धागे जागेवर बसतात. जरीच्या पट्ट्यातून सुई काढू नये. ती दोन जरींच्या मधून न्यावी.

छत्रपती संभाजीनगरच्या हिमरूत सुती पायावर रेशमी जादा बाण्याने वेलबुट्टी उठवलेली असते, आणि त्या बाण्याचे मोकळे धागे मागच्या बाजूला लोंबत राहतात. बांगडी किंवा नख अडकून हे धागे ओढले जातात आणि पुढे बुट्टी आकसते. ओढला गेलेला धागा कधीही कापू नये. सुईच्या टोकाने तो हळूहळू पूर्ववत सारावा आणि मागे पातळ मलमलीचे अस्तर लावून टाकावे. मशरूत ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो. वरून साटिनसारखे रेशीम दिसते आणि अंगाला सूत लागते. त्यामुळे झिजते ते आधी वरचे रेशीम, आणि खालचे सूत उघडे पडते. अशा मशरूला वरून ठिगळ लावले तर चमक तुटते; आतून सुती आधार द्यावा आणि उरलेले रेशमी धागे जागच्या जागी टाचावेत.

रेशीम दुमडीच्या रेघेवर तडकते. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलावी, घडीत मऊ मलमलीचा गुंडाळा घालावा, आणि डांबराच्या गोळ्या जरीला लागतील अशा ठेवू नयेत. धागा हात लावताच भुरभुरत असेल तर कोणतीही सुई त्याला वाचवू शकत नाही. ते वस्त्र सपाट ठेवून केवळ जपावे.

राहिलेली किरकोळ कामे

बटण लावताना त्याच्यावर काडी ठेवून टाके घालावेत, शेवटी काडी काढून उरलेल्या सैल दोऱ्याला खालून तीन-चार वेढे द्यावेत, म्हणजे काजात कापड मावते आणि बटण ओढले जात नाही. काज उसवले असेल तर जुने धागे काढल्यावर प्रथम त्याच्या भोवती धावदोरा घालून मग काजाचा टाका भरावा. टी-शर्टसारख्या विणलेल्या ताणत्या कपड्याला बोथट टोकाची सुई वापरावी आणि टाका सैल ठेवावा. स्वेटरचे घर सुटून ओळ उसवत चालली असेल, तर क्रोशाच्या सुईने खालपासून एकेक घर वरच्या धाग्यात उचलत न्यावे आणि वरच्या टोकाला लोकरीच्याच धाग्याने बांधून टाकावे.

दुरुस्त केलेला कपडा पहिल्यांदा धुतल्यावर ती जागा पुन्हा पाहावी. चुण्या आल्या असतील तर दोरा घट्ट होता आणि तो सैल करून घ्यावा. कडेला नवा उजेड दिसत असेल तर ठिगळ लहान पडले आहे आणि ते मोठे करावे. ज्या कपड्यात आता टाका धरत नाही तो उलगडून त्यातली बटणे, काठ आणि चांगले राहिलेले तुकडे चिंध्यांच्या पिशवीत टाकावेत. सुती असेल ते बाळोत्यांना, वाकळीच्या आतल्या थराला आणि पुसण्याला कामी येते. बोहारणीकडे द्यायचे ते धड कपडे वेगळे ठेवावेत. टेरिकॉट आणि पॉलिएस्टरच्या चिंध्या मात्र चुलीजवळ किंवा गरम भांडे उचलायला वापरू नयेत, कारण त्या वितळून हाताला चिकटतात.